प्लेगच्या वैद्याचा चोचीचा मुखवटा: चामडे, काच आणि धास्ती

पाकिटे, पट्टे आणि पिशव्या हाताने शिवणाऱ्या एका कारागिराने तीन गोष्टी विचारल्या आहेत. युरोपातील प्लेगच्या वैद्याचा चोचीचा मुखवटा चामड्यात करायचा असेल तर चामडे कोणते घ्यावे आणि चोच कशी उभी करावी. बाजारात मिळणारे असे बहुतेक मुखवटे खेळण्यासारखे दिसतात, एखाद्यासमोर मात्र पाऊल आपोआप मागे पडते, हा फरक कशाने होतो. आणि असा मुखवटा खरोखर कुणी वापरत असे का. मी नाटकांसाठी चामड्याचे मुखवटे करतो, त्यामुळे उत्तर करणाऱ्याच्या बाजूने देतो. सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करणे सोयीचे आहे, कारण चोचीची लांबी त्याच्या उत्तरावर ठरते.

हा मुखवटा सर्रास मध्ययुगीन म्हणून विकला जातो, आणि ते चूक आहे. १३४७ ते १३५१ या काळात युरोपात जी महाभयंकर साथ आली, तिच्या वेळच्या लिखाणात किंवा चित्रांत चोचीचा वैद्य कुठेही भेटत नाही. साथीसाठी शहराने करार करून वैद्य नेमण्याची पद्धत मात्र जुनी आहे. इटलीतील पाविया शहराने १४७९ साली केलेला असा एक करार उपलब्ध आहे. चोचीचे श्रेय परंपरेने शार्ल द लोर्म (१५८४–१६७८) या फ्रेंच राजवैद्याला दिले जाते आणि त्यासाठी १६१९ हे वर्ष सांगितले जाते. त्याच्या नावावर असलेल्या वर्णनात सुगंधी द्रव्यांनी भरलेले, चोचीच्या आकाराचे, अर्धा फूट लांबीचे नाक आहे. श्वासासाठी नाकपुड्यांजवळ दोन्ही बाजूंना एकेक छिद्र आहे. डोळ्यांवर चष्मा आहे आणि टोपीपासून बुटांपर्यंतचा सगळा पोशाख चामड्याचा आहे. त्या काळचा फ्रेंच फूट सुमारे ३२.५ सेंटीमीटरचा होता, म्हणजे ही चोच जेमतेम १६ सेंटीमीटरची होते. हा आकडा लक्षात ठेवावा.

लोकांच्या मनात ठसलेले चित्र मात्र या वर्णनातून आलेले नाही. ते आले आहे न्यूरेंबर्गच्या पाउल फ्युर्स्ट या प्रकाशकाने १६५६ साली, रोममध्ये प्लेग चालू असताना, छापलेल्या एका पत्रकातून. त्यात पायघोळ झगा, काठाची टोपी, नख्या फुटल्यासारखे हातमोजे आणि टोकाला पंख लावलेले वाळूचे घड्याळ असलेली काठी अशा थाटात ‘रोमचा डॉक्टर चोच’ उभा आहे, आणि सोबतच्या जर्मन-लॅटिन खिचडी कवितेत, उकिरड्यावरच्या कावळ्याप्रमाणे प्रेते शोधून पोट भरणाऱ्या वैद्याची टर उडवली आहे. म्हणजे आज ज्याला पुरावा समजून घराघरांत टांगले जाते ते मुळात व्यंगचित्र आहे. फ्रान्समधील मार्सेय शहरात आलेल्या १७२० च्या साथीनंतर जिनिव्हाच्या झां-झाक मांजे या वैद्याने १७२१ साली प्लेगवर ग्रंथ काढला, त्याच्या आरंभीही चोचीचा वैद्य छापलेला आहे. ते चित्र मला अधिक उपयोगी वाटते, कारण तिथला माणूस कुणाला भिववायला निघालेला नाही, कामाचे कपडे घालून उभा आहे. प्रत्यक्ष वस्तू म्हणून दाखवले जाणारे दोन मुखवटे जर्मनीत आहेत, एक इंगोलश्टाटच्या वैद्यक-इतिहास संग्रहालयात आणि दुसरा बर्लिनच्या इतिहास संग्रहालयात, पण त्या दोन्हींच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासक शंका घेतात. तेव्हा प्रामाणिक उत्तर असे की, सतराव्या शतकात इटली आणि फ्रान्समध्ये असा पोशाख काहींनी वापरला असावा असे मानायला आधार आहे. तो सर्व युरोपभर सर्व वैद्यांचा गणवेश होता असे म्हणायला नाही.

व्हेनिसचा उल्लेख इथे अपरिहार्य आहे, कारण बहुतेकांना हा मुखवटा तिथलाच वाटतो. मुखवटे करणाऱ्यांचे नियम तिथे १४३६ सालीच लिहिले गेले होते. परंतु आज तिथल्या दुकानांत रचलेला पांढरा चोचीचा मुखवटा १९७९ साली पुन्हा सुरू झालेल्या कार्निव्हलसोबत वाढलेला माल आहे आणि तो बहुधा कागदाच्या लगद्याचा असतो. चामड्याच्या मुखवट्याची खरी इटालियन परंपरा नाटकातली. ती विसाव्या शतकात पदुआच्या आम्लेतो सार्तोरी (१९१५–१९६२) या शिल्पकाराने पुन्हा उभी केली, आणि त्याचा मुलगा दोनातो याने पुढे नेली. लाकडात कोरलेल्या चेहऱ्यावर ओले चामडे ताणून, शिंगाच्या हातोडीने ठोकून आणि दाबून ते बसवायचे, ही त्यांची रीत. चोचीच्या मुखवट्याचा वरचा अर्धा भाग, म्हणजे कपाळ, डोळे आणि गाल, याच रीतीने करावा असे माझे मत आहे. चोच मात्र शिवूनच होते.

आता चामडे. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडेच घ्यावे. याला पर्याय नाही. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि टिकाऊ असले तरी ओले करून दिलेला आकार ते धरत नाही, वाळले की पुन्हा सैल पडते. साल आणि फळांच्या कषायाने, म्हणजे तुरट द्रव्याने, कमावलेले चामडे ओलसर असताना हवे तसे वळते आणि वाळल्यावर तसेच राहते. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते, आणि तमिळनाडूत ईआय (ईस्ट इंडिया) नावाने ओळखले जाणारे चामडेही याच जातीचे. कोल्हापुरीच्या तळाचे चामडे चोचीसाठी फार जाड आणि ताठ असते, ते डोक्यामागच्या वाद्या आणि बकलाच्या पट्ट्यांना उत्तम. चेहऱ्यासाठी २ ते २.५ मिलिमीटर जाडी पुरते. त्याहून जाड चामडे नाकाच्या मुळाशी, जिथे चेहरा संपून चोच सुरू होते, तिथे वळताना दाण्याच्या, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत, बाजूने तडकते. त्याहून पातळ चामडे चोचीचा भार पेलत नाही आणि मुखवटा काही महिन्यांत मान टाकतो. द लोर्मच्या वर्णनाप्रमाणे बकरीचे चामडे वापरायचा मोह होईल, पण एक मिलिमीटरच्या आसपासचे बकरीचे कातडे एकटे उभे राहत नाही. ते आतल्या जाड थरावर चिकटवून घ्यावे लागते, आणि तसे केल्यास दाणा इतका सुंदर उठतो की कष्ट वसूल होतात.

चामडे भिजवताना पाणी कोमट असावे, हाताला गरम वाटेल इतके नको. वनस्पतिजन्य चामडे ७०–८० अंशांच्या पाण्यात गेले की आकसते आणि वाळल्यावर लाकडासारखे कडक होते. चिलखतांसाठी हा गुण मुद्दाम वापरला जाई. मुखवट्यात त्यामुळे मापे बिघडतात आणि शिवणीची भोके ओढली जातात. भिजवून लगेच कामाला लागू नये. पाणी पूर्ण मुरू द्यावे, नंतर पृष्ठभागाचा मूळ रंग परत येऊ लागला आणि हाताला मात्र अजून गार लागते आहे, अशा अवस्थेत चामडे सर्वांत आज्ञाधारक असते.

चोच कशी उभी करावी याचे उत्तर कागदावर दडलेले आहे. बहुतेक नवशिके एकच शंकू गुंडाळतात आणि खाली शिवण घालतात. त्यातून निघते ती चोच नसून नळकांडे असते. चोचीच्या दोन बाजूंचे दोन तुकडे स्वतंत्र कापावेत, एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असावेत असे. प्रत्येक तुकड्याची वरची कड बाहेर फुगलेली आणि खालची किंचित आत गेलेली ठेवली, म्हणजे वरची कड खालच्यापेक्षा लांब झाली, की शिवल्यावर चोच आपोआप खाली झुकते. हा झुकाव किती असावा यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. आधी जाड पुठ्ठ्यावर बेत काढावा, चिकटपट्टीने जोडून चेहऱ्यावर बांधावा आणि समोरून नव्हे, पाऊण चेहरा दिसेल अशा कोनातून पाहावा. चोच सरळ पुढे गेली की विदूषकाचे नाक होते. टोकाकडे फार वळली की पोपट होतो. मुळापासून दोन-तृतीयांश अंतरापर्यंत जवळजवळ सरळ आणि नंतर एकदम खाली उतरणारी रेषा गिधाडाच्या नव्हे, तर काम करून थकलेल्या माणसाच्या नाकाच्या जवळ जाते, आणि मला तीच हवी असते.

लांबीबद्दल मी ठाम आहे. विक्रीसाठी केल्या जाणाऱ्या चोची २५–३० सेंटीमीटरपर्यंत जातात, आणि तिथेच मुखवटा खेळण्याच्या बाजूला झुकतो. इतक्या लांब चोचीकडे पाहताना आपल्याला माणसाचा चेहरा आठवेनासा होतो, उरतो तो पक्षी, आणि पक्ष्याला कोण भितो? १६–१८ सेंटीमीटरला नजर गोंधळते. हे नाक आहे की चोच, वाढलेले आहे की घातलेले, याचा निकाल लागत नाही.

शिवण हातानेच घालावी, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की रांग उसवत जाते. हातच्या टाक्यात एक टाका गेला तरी शेजारचे धरून राहतात. टाक्यांचे अंतर ४ मिलिमीटर, मेण चोळलेला तागाचा किंवा पॉलिस्टरचा जाड दोरा, आणि दोऱ्याची लांबी शिवणीच्या चौपट घ्यावी. शिवणीच्या कडा रापीने आतून तासून निम्म्या कराव्यात, नाहीतर चोचीच्या टोकाशी चार थर एकावर एक येतात आणि आरी आत जात नाही. टोकाकडून सुरू करून चेहऱ्याकडे येत शिवावे, कारण टोकाशी हात घालायला जागा नसते आणि चूक तिथेच लपवता येत नाही. वरच्या कण्याची शिवण उघडी ठेवावी की आत दुमडावी, यावर कारागिरांत दोन तट आहेत. मी उघडी ठेवतो. कपाळापासून टोकापर्यंत धावणारी टाक्यांची रेघ पाहणाऱ्याला जखमेच्या टाक्यांची आठवण करून देते, आणि त्यासाठी वेगळी सजावट करावी लागत नाही. शिवण पूर्ण झाल्यावर चोच पुन्हा ओलसर करून आत लाकडाचा निमुळता ठोकळा घालावा, बाहेरून हाडाच्या पट्टीने घोटावे आणि ठोकळ्यासकट सावलीत वाळू द्यावे. पंख्यासमोर किंवा उन्हात वाळवलेल्या चोचीला पीळ पडतो.

डोळ्यांकडे येतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे आहे. मुखवट्याचे भोक डोळ्याच्या आकाराचे, बदामी कापले की भाव तयार होतो: रागीट, लबाड किंवा दुःखी. गोल कापले की भाव नाहीसा होतो. भाव नसणे हेच इथे हवे आहे. ४५ ते ५० मिलिमीटर व्यासाची गोल भोके, मध्यबिंदूंमधले अंतर घालणाऱ्याच्या बाहुल्यांतील अंतराइतके, प्रौढ माणसात साधारण ६२–६४ मिलिमीटर, आणि त्यात चामड्याच्या कड्याने बसवलेली काच. काच पारदर्शक असावी आणि शक्य तर किंचित फुगीर, जुन्या घड्याळाच्या काचेसारखी. आरशासारखी किंवा लाल काच बसवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्याने मुखवटा गॉगल घातलेला दिसतो. मुखवट्याची आतली बाजू काळी केली तर पारदर्शक काचेमागेही डोळे दिसत नाहीत, फुगीर काचेवर उजेडाचा एकच ओलसर ठिपका उमटतो. आणि मान वळली की क्षणभर, एका विशिष्ट कोनात, आतला खरा डोळा दिसून जातो. त्या क्षणासाठी सगळा खटाटोप आहे.

एर्न्स्ट येंच या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९०६ साली मांडले होते की, समोरची वस्तू सजीव आहे की निर्जीव हे ठरवता न येणे हे अशा अस्वस्थतेचे मूळ आहे. फ्रॉइडने १९१९ साली त्यावर प्रसिद्ध निबंध लिहून ही भावना दडपलेल्या स्मृतींकडे नेली, आणि जपानचे मासाहिरो मोरी यांनी १९७० साली यंत्रमानवांच्या संदर्भात, चेहरा जवळजवळ माणसासारखा पण पूर्ण नाही असा झाला की आपुलकी एकदम घसरते, हे आलेखातल्या दरीच्या रूपात मांडले. करणाऱ्याला या तिघांपैकी येंच सर्वांत उपयोगी, कारण त्याचे म्हणणे रापी हातात असताना पाळता येते. २०१६ साली फ्रान्सिस मॅकअँड्र्यू आणि सारा कोह्नके या अमेरिकन संशोधकांनी असे मांडले की, धोका स्पष्ट असला की आपण घाबरतो, पण धोका आहे की नाही हेच कळेनासे झाले की अंगावर काटा येतो. प्लेगचा वैद्य नेमका या दुसऱ्या जागी उभा आहे. तो बरे करायला आला आहे, की मेलेल्यांची नोंद करायला? म्हणून मुखवट्यावर दात, खिळे, कवट्या, गंज, रक्ताचे डाग असे काही चढवले की धोका स्पष्ट होतो आणि काटा जातो. माझा अनुभव असा की, मुखवटा जितका कामाच्या वस्तूसारखा, अवजारासारखा केला जाईल, प्रत्येक पट्टा, भोक आणि शिवण कशासाठी आहे हे सांगता येईल, तितका तो अधिक भिववतो.

यात घालणाऱ्याच्या हालचालीचाही वाटा आहे आणि तो बांधणीतूनच येतो. काच डोळ्यापासून दूर असल्याने बाजूचे दिसत नाही, चोचीमुळे खालचे दिसत नाही. त्यामुळे काही पाहायचे तर डोळे फिरवून भागत नाही, सगळे डोके वळवावे लागते, आणि पायाजवळचे पाहायला मान तिरपी करावी लागते. नटाला हे शिकवावे लागत नाही. मुखवटा बांधला की पाच मिनिटांत माणूस पक्ष्यासारखा पाहू लागतो. तोंड झाकलेले असल्याने आवाज चोचीत घुमून येतो, कुठून आला ते समजत नाही, आणि श्वासाचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येतो. संवाद असलेल्या भूमिकेसाठी मी हनुवटीखालची बाजू उघडी ठेवतो. मूक भूमिकेत ती बंद केली तरी चालते, पण मग वायुवीजन वाढवावे लागते.

द लोर्मची दोन छिद्रे आपल्याला पुरणार नाहीत. बंद चोचीत सोडलेला श्वास पुन्हा आत घेतला जातो, काचा धुकटतात आणि रंगमंचाच्या दिव्यांखाली घालणाऱ्याला गरगरते. चोचीच्या खालच्या अंगाला, प्रेक्षकांना न दिसणारी, ६ मिलिमीटरची आठ-दहा भोके दोन ओळींत पाडावीत आणि काचेच्या कड्याच्या वरच्या बाजूला एक बारीक फट ठेवावी. सुगंधी द्रव्ये घालायचीच असतील तर लवंग आणि वाळलेला पुदिना मलमलच्या पुरचुंडीत बांधून टोकाशी ठेवावा. जुन्या याद्यांत कापूर, अंबर, बोळ, गुलाबपाकळ्या असे बरेच काही आहे, पण कापराच्या वाफा बंद जागेत फार वेळ घेणे बरे नाही.

ही द्रव्ये भरण्यामागचा समज, की रोग दुर्गंधित हवेतून येतो, चुकीचा होता. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिनने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला, आणि तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसाला लागतो हे पॉल-लुई सिमोंने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. मेणवलेल्या चामड्याच्या झग्यातून पिसू सहज चावू शकत नाही, त्यामुळे पोशाखाने काही अंशी संरक्षण दिलेही असेल, पण चोचीने नव्हे. आपल्याकडे १८९६ साली मुंबईत आणि १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा चोचीचा काळ कधीच संपला होता. मराठी माणसाच्या स्मृतीत त्या साथीची भीती घरात शिरणाऱ्या गोऱ्या शिपायांची, रँडच्या कमिटीची आणि क्वारंटाइनच्या तंबूंची आहे. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कोणताच मुखवटा नव्हता. म्हणून इथल्या नाटकात प्लेग दाखवायचा असेल आणि कुणी चोचीचा मुखवटा मागितला, तर मी तो करून देण्याआधी प्रसंग कुठला आहे हे विचारतो.

रंगाबद्दल थोडे. काळा रंग बाजारातल्या बाटलीतून येऊ शकतो, पण तो चामड्यावर बसतो. लोखंडाने आणलेला काळा चामड्यातूनच निघतो. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस काही दिवस ठेवून गाळलेले पाणी, किंवा हिराकसाचे (लोहाच्या क्षाराचे) पातळ द्रावण, कषाययुक्त चामड्यावर फिरवले की डोळ्यांदेखत ते निळसर काळे होते. हिरडा आणि हिराकसाची जुनी शाई ज्या रासायनिक क्रियेने बनते तीच ही क्रिया. द्रावण तीव्र झाले तर जुन्या कागदाला शाई खाते तसे ते चामड्याला खाते, म्हणून नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळत आले की तेल पाजावे. खरे तर काळाच रंग हवा असे काही नाही. नुसते तेल पाजून उन्हात तांबूस होऊ दिलेले चामडे माणसाच्या कातडीच्या इतके जवळ जाते की काही गिऱ्हाइके ते घेत नाहीत.

आतून अस्तर लावण्याविरुद्ध मी सल्ला देईन, निदान पूर्ण अस्तराविरुद्ध. घाम अस्तर आणि चामडे यांच्यामध्ये अडकतो. कपाळ आणि गालाची हाडे टेकतात तिथे बकरीच्या मऊ चामड्याच्या गाद्या शिवाव्यात, त्या वर्षा-दोन वर्षांनी बदलता येतात. मुखवटा ठेवताना चोचीत तो लाकडी ठोकळा किंवा घट्ट गुंडाळलेला कागद भरून, उभा, चोच खाली न टेकवता ठेवावा, आणि जून ते सप्टेंबर तो प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच बांधू नये. सुती कापडात ठेवून आठवड्यातून एकदा वारा द्यावा. कोकणपट्टीत एवढे करूनही पांढरी बुरशी येतेच. ती कोरड्या ब्रशने घराबाहेर झटकावी, मग थोडा स्पिरिट लावलेला बोळा फिरवावा आणि चामडे कोरडे पडले असेल तर मेण व तेलाचा हलका हात द्यावा.